पाणीकाकांची जीभ

पाणीकाकांना पोहता येत नव्हतं. क्लबच्या तलावाची अठ्ठावीस वर्षं निगा राखणाऱ्या माणसाला पोहता येत नाही, ही गोष्ट क्लबात कुणालाच माहीत नव्हती, कारण तशी कुणी कधी चौकशी केली नव्हती. आचाऱ्याला कुणी 'तुम्ही जेवता का' असं विचारत नाही, त्यातलंच ते. पाण्यात पाणीकाका फक्त जिभेने उतरत.

रोज सकाळी सहाला, सभासद यायच्या आधी, ते उथळ बाजूच्या पायरीवर उकिडवे बसत, ओंजळीत घोटभर पाणी घेत आणि डोळे मिटून ते जिभेच्या टोकावरून मागे, मागून पुढे फिरवत. मग कडेच्या पन्हाळीत थुंकून निकाल सांगत. "आज एक मग अ‍ॅसिड." किंवा, "आज पाण्याला हात लावायचा नाही." ऐकायला जवळपास कुणी नसे, तरी ते मोठ्याने सांगत. निकाल मोठ्याने सांगायचा असतो.

क्लबने मागे कधीतरी पाणी तपासायची पेटी विकत आणली होती. ती पंपाच्या खोलीत होती आणि तिच्यावर पाणीकाका चहाचा कप ठेवत. पेटीतल्या औषधांची मुदत संपून चार वर्षं झाली होती; कप मात्र तिच्यावर छान बसायचा.

अठ्ठावीस वर्षं आंबूस पाणी तोंडात घोळवल्याचा व्हायचा तो परिणाम दातांवर झालाच. दातांच्या डॉक्टरांनी वरच्या दातांची अवस्था बघून विचारलं होतं, "आंबट फार खाता का?"

"खात नाही," पाणीकाका म्हणाले. "चाखतो."

सात महिन्यांपूर्वी वरचे सगळे दात काढून कवळी बसवली. कवळी उत्तम होती. हसताना पाणीकाका दहा वर्षांनी तरुण दिसत, म्हणून ते थोडं जास्त हसायला लागले होते.

तेवढ्यात तलावाच्या भिंतीवर डाग पडला.

आधी खोल बाजूला, गरम पाणी जिथून आत येतं त्या तोंडाखाली, बशीएवढा. मग ताटाएवढा. मग त्याला फाटे फुटले आणि पांढऱ्या प्लास्टरवरून तो निळसर हिरवा, कडेला करडा, असा खाली पसरत गेला. ब्रशने घासून जाईना. सभासदांनी आपापली मतं दिली. कुणी म्हणालं शेवाळ, कुणी म्हणालं कुंपणाच्या झाडाची पानं कुजली असतील. पाठीवर पडून पोहणाऱ्या एका बाईंना त्यात उंटाचा आकार दिसला आणि त्या दिवसापासून बाकीच्यांनाही उंटाखेरीज दुसरं काही दिसेना.

बुधवारी क्लबचे अध्यक्ष पंपाच्या खोलीत आले. अध्यक्ष रोज सकाळी वीस फेऱ्या पोहत, आणि त्यांची शान म्हणजे त्यांचे मानेपर्यंत रुळणारे पांढरेशुभ्र केस. अलीकडे त्या केसांना हलकी हिरवट झाक आली होती. ती सगळ्यांना दिसत होती आणि तिच्याबद्दल बोलायला कुणी धजत नव्हतं. अध्यक्षांनी स्वतः त्यावर न्हावी बदलून पाहिला होता. सध्याचा तिसरा होता.

"काका, सोमवारी कंपनी येतेय," अध्यक्ष म्हणाले. "तलाव रिकामा करणार, भिंती अ‍ॅसिडने धुणार. आणि पुढची देखभालही तेच बघतील म्हणतात. त्यांच्याकडे मशीन आहे. पाण्यात सोडलं की सगळं आपोआप मोजतं."

पाणीकाकांनी पेटीवरचा कप उचलला आणि परत ठेवला. "साहेब, हा तलाव दोनदा धुतलाय अ‍ॅसिडने. दर वेळी प्लास्टरचा एक थर जातो. आता जे राहिलंय ते माझ्या नखाएवढं जाड असेल. तिसऱ्यांदा धुतलात तर आतली सळई डोकं बाहेर काढेल. मग तलाव कसला, तिथे गाड्या लावायला जागा करा."

"मग डाग कसला आहे ते सांगा."

"बघतोय."

"दोन महिने बघताय, काका." अध्यक्ष माणूस वाईट नव्हते, ते खिडकीबाहेर बघत बोलले. "रविवारी सकाळी मी येतो, कंपनीचा माणूसही येईल. तोपर्यंत डाग घालवलात तर कंपनीला मी नाही म्हणून सांगतो. नाही तर किल्ल्या त्यांना द्यायच्या."

किल्ल्यांचा जुडगा पाणीकाकांच्या कमरेला होता. अध्यक्ष गेल्यावर त्यांनी तो उगाचच एकदा चाचपला.

डाग ओळखायची रीत त्यांना पाठ होती. पान कुजून पडलेला डाग क्लोरीनला भितो. त्यांनी लांब काठीच्या टोकाला क्लोरीनची गोळी बांधली आणि उंटाच्या पाठीवर पाच मिनिटं धरली. उंटाला काही झालं नाही. म्हणजे पानं नाहीत, शेवाळही नाही. लोखंडाचा डाग व्हिटॅमिन सीच्या गोळीला भितो. घरून बायकोची सर्दीची गोळी आणून त्यांनी तीही घासली. गोळी विरघळून गेली. डाग किंचित फिका झाला, पण लोखंडाचा डाग जसा पुसल्यासारखा जातो तसा नाही. म्हणजे लोखंडही नाही.

गुरुवारी सकाळी त्यांनी पाणी दोनदा चाखलं. पाणी त्यांना मचूळ लागलं. गेले काही महिने ते मचूळच लागत होतं. पाणी बरोबर असलं की जिभेच्या टोकाला एक बारीकशी चुणूक लागते, अशी त्यांची अठ्ठावीस वर्षांची खूण होती. ती लागेपर्यंत त्यांनी अ‍ॅसिड ओतलं, मग झाकण लावलं आणि उंटाकडे बघत बसले.

घरी त्या दिवशी जेवताना पहिल्या घासालाच त्यांनी विचारलं, "भाजीत मीठ घालायचं राहिलंय का?"

हा प्रश्न आता घरात नवा नव्हता. मुलगा ताटात बघून जेवत राहिला. बाप आणि बायको एकाच टेबलावर असताना जसं जेवायचं असतं तसं तो जेवत असे, म्हणजे पटापट. पाणीकाकांच्या बायकोने पाण्याचा ग्लास खाली ठेवला.

"अहो, हा माझा तिसरा ग्लास आहे. आणि अजून भाजी संपायचीय."

"तू पाणी पीत बस. भाजी अळणी आहे ती आहे."

सूनबाई एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायची, आणि स्वभावाने अशी की वाद घालण्यापेक्षा मोजायची. लग्न होऊन आली त्यानंतर दोन महिन्यांनी सासऱ्यांनी 'अळणी' हा शब्द पहिल्यांदा काढला, तेव्हा तिने फ्रिजच्या दारावर एक कागद लावला होता. त्यावर रोजच्या भाजीतल्या मिठाची नोंद असायची. सुरुवात एका चमच्यापासून होती. मग सव्वा, दीड, पावणेदोन. आजच्या तारखेपुढे अडीच लिहिलं होतं. पाणीकाकांना तो कागद म्हणजे टोमणा वाटत असे. त्यांनी तो कधी नीट वाचला नव्हता.

"डागाचं काय झालं, बाबा?" सुनेने विचारलं.

"काही नाही. पानं नाहीत, लोखंड नाही."

"रंग कसा आहे?"

"निळसर हिरवा. कडेला करडा."

"मग तांबं असेल."

"तांबं कुठून येणार? तलावात काय आम्ही हंडे-कळश्या घासतो?"

"हीटरमधली नळी कशाची आहे?"

पाणीकाकांचा घास हातात राहिला. "तांब्याची," ते म्हणाले. "पण ती चांगली आहे. पाणी आंबट असलं तरच तांबं विरघळतं. पाणी आंबट नाहीये. मी रोज चाखतो."

"आणि अ‍ॅसिड किती टाकता?"

"चव येईपर्यंत."

मुलाने चावणं थांबवलं. सुनेने मान वळवून फ्रिजच्या दाराकडे बघितलं, बायकोने सुनेकडे बघितलं, आणि दोघींनी मिळून पाणीकाकांच्या तोंडाकडे बघितलं.

"कवळी कधी बसवली हो यांची?" बायकोने हवेला विचारलं.

"सात महिने झाले," सून म्हणाली. "कागदही तेवढाच जुना आहे."

ती उठली आणि ओट्यावर तीन ग्लास भरून टेबलावर घेऊन आली. "बाबा, तिन्हीतला एकेक घोट घ्या आणि सांगा."

पाणीकाकांनी पहिला घेतला. दुसरा घेतला. तिसरा जरा जास्त वेळ तोंडात घोळवला, कारण बायको बघत होती. "तिन्ही ठीक आहेत," ते म्हणाले. "तिसरं किंचित बरं."

मुलाने तिसरा ग्लास उचलून एक घोट घेतला आणि त्याचा चेहरा असा काही आक्रसला की तो ओळखू येईना. त्यात दोन अख्खी लिंबं पिळलेली होती.

"कवळीने टाळू झाकली जाते, बाबा," सून हळू आवाजात म्हणाली. "बऱ्याच जणांना चव कमी कळते. त्यात वयही—"

"माझ्या जिभेला काही झालेलं नाही," पाणीकाका म्हणाले आणि ताट तसंच ठेवून उठले. त्यांनी टीव्ही लावला. कसला तरी सामना चालू होता. कोण खेळतंय हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

शुक्रवारी सकाळी सहाला ते पायरीवर उकिडवे बसले, पण लगेच ओंजळ भरली नाही. आधी त्यांनी इकडेतिकडे बघितलं. मग वरची कवळी काढली, रुमालात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि पाणी तोंडात घेतलं.

पाणी चावलं. जिभेच्या कडेपासून कानापर्यंत एक झणका गेला. पाणीकाकांनी ते थुंकलं. समोर उंट उभा होता. तो आपण पाळलेला आहे, हे त्यांना आता कळलं होतं. निकाल मोठ्याने सांगायचा त्यांचा रिवाज होता. त्या दिवशी मात्र तो त्यांनी गिळला.

मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा सुनेच्या लॅबला फोन केला.

"कोण बोलतंय?"

"मी. बाबा. तुझ्याकडे त्या रंग बदलणाऱ्या पट्ट्या असतात का?"

"आहेत. पण त्या लघवी तपासायच्या आहेत."

"चालतील. पोहण्याच्या शिबिराची पन्नास मुलं येतात इथे. तलावाला परकं वाटणार नाही."

दुपारच्या सुट्टीत ती आली. पट्टी बुडवली, बाटलीवरच्या रंगांशी लावून बघितली. "सहा," ती म्हणाली. "माणसाची असती तर ठीक आहे म्हणून सोडून दिलं असतं. तलावाला साडेसातच्या आसपास हवं. आकडा जितका खाली, तितकं पाणी आंबट."

पाणीकाकांनी मान हलवली. गेल्या काही महिन्यांत अ‍ॅसिडचे कॅन लवकर संपत होते हे त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यावर आपण 'हल्ली माल पातळ येतो' असं सगळ्यांना सांगत होतो, हेही त्यांना आठवलं. दोन मुलांच्या पायाचे अंगठे भिंतीला घासून सोलवटले होते, तेव्हा 'मुलं दांडगी आहेत' असं म्हणालो होतो. भिंत खरखरीत झाली होती. त्यांनी हे सगळं सुनेला सांगितलं, एकदम, श्वास न घेता, जणू थांबले तर पुढचं सांगता येणार नाही.

"बरं," सून म्हणाली. "जुने मोजे आहेत का?"

शनिवारी दारावर 'देखभालीसाठी बंद' अशी पाटी लागली. हीटर बंद करून त्याची नळी बाजूला काढली होती. क्लोरीनही रात्रीपासून घातलं नव्हतं, कारण ते पाण्यात असलं की केलेली मेहनत वाया जाते. पाणीकाकांनी तपकिरी मोज्यात लिंबूसत्त्व भरलं, गाठ मारली आणि काठीच्या टोकाने उंटाच्या मानेवर दाबून धरलं. दहा मिनिटांनी मोजा बाजूला केला, तर तिथे मोज्याचा पांढराशुभ्र ठसा. टाच, चवडा, अंगठ्यापाशी पडलेलं भोकसुद्धा.

ते त्या ठशाकडे बघून इतके हसले की कवळी निसटायच्या बेताला आली.

पण काठीने सगळा उंट पुसायचा तर सोमवार उजाडला असता. सून पोहण्याचा पोशाख घालून, डोळ्यांना चष्मा लावून आली आणि कडेवरून सरळ पाण्यात शिरली. खोल बाजूला, एकही शिंतोडा न उडवता. पाणीकाका बघतच राहिले. ही पोहते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तेही त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"बाबा, तुम्ही पण उतरा ना. दोघांनी लवकर होईल."

पाणीकाकांनी मोज्याची गाठ नीट केली. "मला पोहता येत नाही."

सूनबाईने कडेला हात टेकला, त्यांच्याकडे बघितलं, आणि बघण्यात काही वेगळं येऊ दिलं नाही. "बरं. मग मोजे भरून देत राहा."

दिवसभर ते मोजे भरत राहिले आणि ती दाबत राहिली. दुपारी बायको घरातले उरलेसुरले मोजे घेऊन आली आणि आल्या-आल्या म्हणाली, "एकाचाही जोड लागत नाही. तुमच्या घराण्याचं वैशिष्ट्य." संध्याकाळी, सुटलेलं तांबं धरून ठेवणारं औषध पाण्यात घातलं, म्हणजे ते परत भिंतीवर जाऊन बसणार नाही. फिल्टर चालू ठेवला. मग पाण्याचा आंबटपणा उतरवायला सोडा, थोडा थोडा, प्रत्येक वेळी पट्टी बुडवून. पाणीकाका दर वेळी सवयीने ओंजळ पुढे करत आणि सून दर वेळी त्या ओंजळीत पट्टी ठेवत असे.

रविवारी अध्यक्ष आले. त्यांच्याबरोबर कंपनीचा टायवाला, हातात मशीनची पेटी. खोल बाजूची भिंत पांढरी होती. शिडीच्या मागे तळहाताएवढी एक फिकट सावली राहिली होती, आणि ती दाखवायला पाणीकाकांनीच बोट केलं.

"उंट गेला," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा आवाज थोडा हळवा झाला होता. "कारण काय निघालं?"

"हीटरची नळी जुनी झाली असेल," टायवाला म्हणाला. "सगळीकडे होतं असं. कुणाचा दोष नसतो."

उत्तर आयतं समोर आलं होतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. सून पायरीपाशी पट्ट्यांची बाटली घेऊन उभी होती आणि मुद्दाम दुसरीकडे बघत होती.

"नळीचा दोष नाही," पाणीकाका म्हणाले. "पाणी मी आंबट केलं. आंबट पाण्याने नळी खाल्ली आणि तिचं तांबं भिंतीवर बसलं. कवळी लावल्यापासून मला चव कळत नाही साहेब, आणि मी चवीवर अ‍ॅसिड ओतत होतो." त्यांनी कमरेचा जुडगा सोडून अध्यक्षांपुढे केला. "आणि आता बोलतोच आहे तर तेही सांगतो. तांबं भिंतीवर बसतं तसं पांढऱ्या केसांतही बसतं."

टायवाल्याने खाली वाकून बुटाची नाडी बांधायला घेतली. बुटाला नाडी नव्हती.

अध्यक्षांचा हात सावकाश मानेकडे गेला. "म्हणजे न्हावी..."

"न्हाव्याचा काही संबंध नाही, साहेब. एकाचाही नाही."

"पहिल्याकडे मी वीस वर्षं जात होतो," अध्यक्ष म्हणाले. "दुकानात चार लोकांदेखत बोललो त्याला." ते पाण्याकडे बघत बसले. "तीन महिने, काका. ऑफिसात पंचवीस लोक रोज माझ्यासमोर बसतात. बायको आहे, मुलगी आहे. एकानेही सांगितलं नाही मला."

मग अध्यक्षांनी टायवाल्याला विचारलं, "तुमच्या मशीनला हे कळलं असतं?"

"पाणी आंबट झालंय एवढं पहिल्या दिवशी कळलं असतं," टायवाला प्रामाणिकपणे म्हणाला. "केसांचं आमच्या मशीनने सांगितलं नसतं. प्लास्टर किती उरलंय, तेही नाही."

अध्यक्षांनी जुडगा पाणीकाकांच्या हातात परत दाबला. अट एकच घातली: नवी पेटी येईल, रोज मोजायचं, वहीत लिहायचं, आणि वही दर आठवड्याला सूनबाईंनी बघायची. मग ते निघाले. वीस फेऱ्या त्या दिवशी राहिल्या. ते सरळ पहिल्या न्हाव्याकडे गेले असं नंतर कळलं.

पुढच्या आठवड्यात नियमांच्या पाटीवर 'धावू नये' आणि 'धक्काबुक्की करू नये' यांच्या खाली एक नवी ओळ रंगवून आली: 'तलावाच्या पाण्याची चव घेऊ नये.' सभासदांना वाटलं ती लहान मुलांसाठी आहे.

उंट गेला त्याच रविवारी रात्री चौघं जेवायला बसले होते. पाणीकाकांनी भाजी वाढून घेतली, मग जरा मान खाली घालून कवळी काढली आणि वाटीत ठेवली. बायकोने 'अहो, टेबलावर काय' असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांनी घास मऊ करून तोंडात घातला, डोळे मिटले, आणि जिभेच्या टोकावरून मागे, मागून पुढे फिरवला. सगळे निकालाची वाट बघत होते.

"मीठ जास्त झालंय," पाणीकाका म्हणाले.

सून उठली, फ्रिजपाशी गेली आणि कागदावर आजच्या तारखेपुढे काहीतरी लिहिलं.

"हो, बाबा," ती म्हणाली. "सात महिने झाले."